पिंजऱ्यातला मणी

काल राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. आज सकाळी वहिनीने वाडीतली मेथी उपटून आणली आणि जुड्या बांधायला ओटीवर पसरली. मुळांना माती तशीच होती. ओल्या मातीचा आणि मेथीचा कडवट वास घरभर गेला, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. दरवर्षी असंच होतं. उपवासकाळ लागला, वाडीतली भाजी घरात आली, की मी आधी थांबून ऐकते.

टक्. टक्. टक्.

आहे. मग मी कामाला लागते.

हे मी वहीत लिहिते आहे. ही वही कुणी वाचत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यानंतर शाळा सुटली, कारण त्या वर्षी घसा दुखून ताप आला आणि तो गुडघ्यांत, मनगटांत फिरत राहिला. ताप गेला, पण जाताना काळजाच्या एका दाराला धक्का लावून गेला. ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. मी विहिरीपासून ओटीपर्यंत चालताना दोनदा बसायची. आय म्हणायची, "पोर आळशी आहे, दुसरं काय." पुढे वीस वर्षांची झाले तेव्हा बसल्याजागीही धाप लागायला लागली. मग पास्कूदादा, माझा थोरला भाऊ, मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

काळीज म्हणजे चार खोल्यांचं घर, असं तिथे सांगितलं. दोन वर, दोन खाली. प्रत्येक दार एकाच बाजूला उघडतं. रक्त पुढे जातं, मागे फिरलं तर दार मिटतं. माझं डावीकडचं एक दार सुजून, चिकटून बसलं होतं. धड उघडत नव्हतं, धड मिटतही नव्हतं. आयला हे काही पटेना. दादाला मात्र लगेच कळलं. तो म्हणाला, "अगं आय, आपल्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह. विहिरीत नळीच्या टोकाला असतो तो. तो बिघडला की पानी चढत नाही, पंप नुसता ओरडतो. डॉक्टर हिचा फूट व्हॉल्व्ह बदलणार."

त्या पावसाळ्यानंतर तो बदलला. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. नवं दार म्हणजे तारेचा एक लहानसा पिंजरा आणि त्यात एक पांढरा मणी. मणी पुढे सरकला की रक्त जातं, मागे बसला की वाट बंद. त्याला पिंजऱ्यातून बाहेर पडता येत नाही, आणि पडलाच तर माणूस उरत नाही. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला त्या मण्याची दया आली होती.

आवाजाबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

घरी आले आणि कळलं, की माझ्यात आता एक घड्याळ आहे. पंप बंद असला, वहिनीचं भांड्यांचं काम आटोपलं, की ते ऐकू यायचं. उशीवर कान ठेवला की जास्तच. मी मुळात चार माणसांत बोलायला घाबरणारी. कुणी ओटीवर आलं की मी मागच्या पडवीत जायची. आता मी गप्प बसले तरी माझी छाती बोलायची. देवळात प्रवचन संपून शांतता झाली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने वळून पाहिलं आणि आपल्या आईला मोठ्याने विचारलं, "मम्मी, त्या बाईने घड्याळ गिळलंय?" सगळा बाक हसला. फादरसुद्धा थांबले. पुढच्या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसले. त्याच्या पुढच्या रविवारी पायरीवर. नंतर गेलेच नाही.

मग घर, पडवी, विहीर आणि परत घर. तेवढंच. लग्नाचं बोलणं तर आधीच संपलं होतं. बाळंतपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि दादाने ते कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या होळी गावाला ते माहीत होतं. रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज त्याच वेळेला घ्यायची, महिन्याला मुंबईत जाऊन रक्त तपासायचं. घराबाहेरच्या कुणाशी माझं बोलणं व्हायचं तर ते कातरीन मावशीशी. ती पाचूबंदरची कोळीण, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. टोपली उतरवायच्या आधीच ओरडायची, "फिलू गो, तुझं घड्याल किती वाजले बोलते? माजी बस चुकंल." मला तिचा राग यायचा. तिच्या टोपलीपेक्षा तिचा आवाज आधी घरात शिरायचा.

तो उपवासकाळ ऑपरेशननंतरचा पहिला. मी जगले म्हणून आयने नवस बोलला होता, की चाळीस दिवस घरात मटण नाही आणि मासळीही नाही, फक्त वाडीतलं खायचं. मासळीला चर्चची मनाई नव्हती, ती आयने आपणहून घातली. कातरीन मावशी दारात उभी राहून म्हणाली, "देवाला काय माज्या बोंबलांचं वाकडं होतं? नवस तुमचा आनि उपास माज्या टोपलीला!" तरीही ती यायची. टेकायला, पाणी प्यायला.

वाडी तेव्हा हिरवीगार होती. थंडी सरत आलेली, मेथी, पालक, लाल माठ, शेपू, सगळं एकदम तोडायला आलेलं. मुंबईच्या बाजारात जे जायचं ते जायचं, उरलेलं आमच्या ताटात. सकाळी मेथीची भाकरी, दुपारी माठ, रात्री पालक. आणि आयचं म्हणणं असं, की लाल माठाने रक्त होतं. भाजी शिजली की तांबडं पाणी सुटतं, ते ती वाटीत काढून मला प्यायला द्यायची. "पी गो. एवढं रक्त सांडलं तुझं त्या टेबलावर. भरून नको यायला?" डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, नेहमीचं जेवण जेवा. हे आमचं नेहमीचंच तर होतं. शहरातल्या माणसाची भाजी म्हणजे ताटाच्या कडेला एक चमचा. आमची भाजी म्हणजे परातभर. दोघांच्या नेहमीत एवढा फरक असेल, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना आमच्या.

इस्पितळातून एक छापील कागदही मिळाला होता. इंग्रजीत होता. आयने तो मारियामातेच्या तसबिरीमागे ठेवला होता, म्हणजे सुरक्षित राहील.

आणि मग एक दिवस, भाजी निवडताना, मला वाटलं, घड्याळ जरा लांब गेलंय.

मी हात थांबवून ऐकलं. टक् यायचं तिथे थप् येत होतं. जणू कुणी मण्याला कापड गुंडाळलंय. दुसऱ्या दिवशी त्याहून मऊ. चौथ्या दिवशी उशीवर कान ठेवला तेव्हा मला स्वतःलाच नीट ऐकू येईना.

त्या दिवसांत मला जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो आणि आठवला की अंगावर काटा येतो. मला वाटलं, देवाने ऐकलं. मी रोज तेर्सची जपमाळ म्हणताना, शेवटचा मणी हातात आला की हेच मागायची. मला सोडव असं नाही म्हणायची, एवढंच म्हणायची, की याला गप्प कर. आता गुड फ्रायडेला मी देवळात जाणार होते. त्या दिवशी आमच्याकडे घंटा वाजत नाही, लाकडाची खटखट वाजते. प्रभूचा प्राण गेला असं वाचतात तेव्हा सगळे गुडघे टेकतात आणि सबंध देऊळ श्वास रोखल्यासारखं गप्प होतं. त्या शांततेत मी सगळ्यांसारखी बसणार होते. मी पेटीतून निळी साडी काढून उन्हात टाकली.

धाप परत लागायला लागली होती, हेही मला कळत होतं. मी विहिरीपाशी पुन्हा दोनदा बसत होते. दादा म्हणाला, "फिलू, या महिन्याचं रक्त तपासायचं राहिलंय. वाडीचं काम उरकलं की जाऊ." मी म्हणाले, "मला बरं आहे. ईस्टरनंतर जाऊ." माझा दादा साधा माणूस. बहीण सांगते बरं आहे, तर बरं आहे.

झावळ्यांच्या रविवारानंतरचा, गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधीचा बुधवार. कातरीन मावशी पाणी प्यायला टेकली. तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"फिलू, आज घड्याल का बोलत नाय?"

मी म्हणाले, "गप्प झालं. बरं झालं."

"बरं झालं? कवापासून?"

माझा श्वास तेव्हा एवढा अपुरा होता, की एक वाक्य दोन तुकड्यांत निघत होतं. मावशी दहा वर्षं आमच्या दारात येत होती, पण मासळीच्या पायांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ती सरळ आत आली, मला धरून आपला कान माझ्या छातीला लावला. तिच्या केसांना खारं पाणी आणि सुक्या जवळ्याचा वास होता. मग ती उठली आणि विहिरीच्या दिशेने जी बोंब मारली, ती अजून माझ्या कानात आहे.

"पास्कू! पंप बंद कर नि पोरीला बघ! हिचा मनी अडकलाय!"

दादा धावत आला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. तसाच तो मला घेऊन मुंबईला निघाला. निळी साडी दोरीवर राहिली.

इस्पितळात पोचल्यावरचं मला सलग आठवत नाही. हातात सुई, वर टांगलेली बाटली, छातीवर थंड थाळीसारखं काहीतरी. मण्याभोवती रक्ताची गाठ साचली होती. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हमध्ये पाचोळा अडकावा तशी. तिला विरघळवायचं औषध थेंबथेंब चाललं होतं. गुड फ्रायडे कधी आला आणि गेला ते मला कळलं नाही. ज्या शांततेसाठी मी एवढं लपवलं, ती शांतता झाली तेव्हा मी शुद्धीवर नव्हते.

ईस्टरच्या सकाळी शेजारच्या खाटेवरून कुणीतरी कुरकुरलं, "काय गो हे! कोनाच्या उशाला घड्याल ठेवलंय? मला डोल्याला डोला लागू देत नाय."

मी रडले. शेजारची घाबरली. "अगं, रडतेस काय? ठेव की. मी आपलं बोलले."

ती सुमन. कामणची. भातशेती करणाऱ्या घरातली, माझ्याच वयाची, घरी दोन वर्षांचा मुलगा ठेवून आलेली. तिलाही लहानपणी तोच ताप आला होता आणि तिचंही तेच दार गेलं होतं. मला आहे तसाच मणी तिला बसायचा होता. त्याच आठवड्यात बसायचा होता, पण थांबवला होता.

का थांबवला, ते दुपारी कर्णिकसाहेब आले तेव्हा कळलं. त्यांनी सांगितलं, मी डॉक्टर नाही, इंजिनीअर आहे, इस्पितळातली यंत्रं माझ्याकडे असतात. त्यांनी माझ्या छातीला एक छोटं यंत्र लावलं आणि कागदाच्या पट्टीवर सुईने रेघा निघत गेल्या. "हा तुमचा आवाज," ते म्हणाले. तोवर माझा आवाज मी कधी पाहिला नव्हता. टोकदार, सरळ, ठरावीक अंतराने उभ्या रेघा. कुंपणाच्या काठ्यांसारख्या.

मग ते आयला आणि दादाला समजावून सांगायला लागले. प्रत्येक मण्याला नंबर असतो. माणसात बसवायच्या आधी त्या जातीचे मणी यंत्रात घालून, माणसाच्या काळजाने वर्षानुवर्षं मारावेत एवढे ठोके मारून बघतात. कशाने झिजतो, कशाने फुगतो, सगळं लिहितात. आणि बसवल्यावर काही बिघडलं, तर तेही लिहावं लागतं. दोष मण्यात असेल, तर त्याच्यासोबत आलेले सगळे मणी परत जातात. "तुमच्या बहिणीच्या मण्यासोबतचे कपाटात आहेत. कपाटाला मी कुलूप लावलंय. या बाईंचा त्यातच आहे," असं म्हणून त्यांनी सुमनकडे पाहिलं. "परत पाठवले तर दुसरे यायला किती महिने लागतील सांगता येत नाही."

सुमनची धाप मला ऐकू येत होती. महिने तिच्याकडे नव्हते, हे मला कळायला इंजिनीअर लागत नव्हता.

"म्हणून मला नीट सांगा," साहेब म्हणाले, "आवाज कधी बसला?"

दादा म्हणाला, "बुधवारी. एकदम."

आय म्हणाली, "आदल्या दिवशी चांगली होती. भाजी निवडली तिने."

साहेबांनी लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाले, "एकदम बसला असेल तर शंका मण्यावरच जाते. हळूहळू बसला असता तर गोष्ट वेगळी. मग रक्त घट्ट होत गेलं असं म्हणता आलं असतं."

ती माहिती खोलीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती, फक्त माझ्याकडे होती. ती सांगायची तर मला सांगावं लागणार होतं, की मी जाणूनबुजून गप्प बसले. आणि रक्त कशाने घट्ट झालं, हे ते विचारणारच होते. मग भाजीचं निघणार होतं. आय माझ्या पायाशी बसली होती. तिच्या पदराच्या गाठीला नवसाची बारीक मेणबत्ती बांधलेली होती. मी आयुष्यात परक्या पुरुषाशी पाच शब्द बोलले नव्हते. अंगात सुई, नाकात नळी, खाटेला दोन्हीकडून लोखंडी कठडे. पळायला पडवी नव्हती.

मी म्हणाले, "एकदम नाही."

साहेबांनी मान वर केली.

"दोन आठवडे झाले. आधी जरासा मऊ झाला. मग रोज थोडा थोडा. मला ऐकू येत होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"मला तो नको होता."

दादा माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी आधीचं खोडून दोन आठवडे असं लिहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "आणि जेवण?" मी सांगितलं. मेथी, पालक, माठ, तांबडं पाणी, तीन वेळा. मी आयकडे न बघता सांगितलं. साहेब म्हणाले, पाल्यात जे असतं ते रक्त गोठवायला मदत करतं, आणि आपण गोळी देतो ती न गोठण्यासाठी. रोज एका दोरीची दोन टोकं ओढत होतो. पाला वर्ज्य नाही. रोज तेवढाच हवा. "हे आम्ही तुम्हाला तुमच्या भाषेत सांगायला हवं होतं," असंही ते म्हणाले. ते त्यांनी माझ्यासमोर कागदावर लिहिलं.

दोन दिवसांनी पट्ट्या, रक्ताचे कागद, माझी हकीकत, सगळं कुणाकुणाला दाखवून झालं आणि कपाटाचं कुलूप निघालं. सुमनला नेलं तेव्हा ती झोपल्या झोपल्या मला म्हणाली, "तुझं घड्याल मला झोपू देत नव्हतं. आता माझं तुला देनार नाय."

घरी आल्यावर आयने मांडणीवरून पितळेची सर्वांत लहान वाटी काढली. दुसऱ्या दिवशी त्या वाटीत भाजी भरून तिने बोटाने वरचा भाग सपाट केला आणि उरलेली परातीत परत टाकली. त्या दिवसापासून मरेपर्यंत रोज, माझी वाटी तिने दुसऱ्या कुणाला भरू दिली नाही. "मीच दिलं ते," असं ती कधी म्हणाली नाही. बोट मात्र वाटीवरून दोनदा फिरवायची.

पहिली वही कर्णिकसाहेबांनी दिलेली. म्हणाले होते, "यंत्रात घालून सगळं तपासता येतं. माणसात गेल्यावर मात्र सांगणारं माणूस लागतं. रोज एक ओळ लिहा." रोजची एक ओळ लिहून लिहूनच मला एवढं लिहिता यायला लागलं. अशा चार वह्या भरल्या. साहेबांनी मला बोलतं केलं असं कुणाला वाटेल, तर तसं झालेलं नाही. मी अजून ओटीवर कुणी आलं की उठते. गोळीची वेळ, वाटीचं माप, महिन्याची सुई, यांच्या पलीकडे माझं जग फारसं गेलं नाही. राख घ्यायला मी जाते, कारण तेव्हा गर्दी असते आणि गाणी असतात. गुड फ्रायडेला अजूनही जात नाही. तो मणी पिंजऱ्यात आहे आणि त्याच्याभोवती मी. आता मला त्याची दया येत नाही. आम्ही एकमेकांना ओळखतो, एवढंच.

गुड फ्रायडेला मात्र सुमन येते. दरवर्षी. सुट्टी असते, कामणहून बस धरते. तिचा मुलगा आता शाळेत पहिला येतो म्हणे. घरातले सगळे देवळात गेले, की आम्ही दोघी ओटीवर बसतो. दुपारी तिकडून लाकडाची खटखट ऐकू येते, आणि मग सगळं होळी गाव गप्प होतं. पंप बंद, रस्ता बंद. झाडावरचे कावळेही बोलत नाहीत. सुमनला देऊळ कळत नाही, पण ती गुडघ्यांवर हात ठेवून माझ्यासारखीच बसते.

त्या शांततेत आमचे दोघींचे मणी वाजत असतात. कधी माझा पुढे, कधी तिचा. जुळत कधीच नाहीत.

"ऐकू येतोय गो तुझा," ती म्हणते.

"तुझाही," मी म्हणते.

मग मी आत जाऊन वही आणते आणि त्या दिवसाची ओळ लिहिते. आवाज स्वच्छ. दोन्ही.